विवेकभावाची निगा

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सुटलं की थोड्या वेळात केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. शब्बाथशाळेत मी मुलांना विवेकभावाचा धडा देते, तेव्हा पवित्र शास्त्रातल्या माणसांच्या पाठोपाठ रमाबाईंचं नाव घेते. आपल्याच रेल्वेलाइनीवरची बाई म्हटलं की मुलं कान देऊन ऐकतात.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पती वारलेले, पदरी लहानगी मनोरमा, आसरा तिथल्या अँग्लिकन सिस्टरांचा. अशा वेळी कुणीही यजमानांच्या होला हो मिळवला असता. रमाबाईंना मात्र त्रैक्याचं तत्त्व पटत नव्हतं, आणि बिशप म्हणतात म्हणून मान्य करायचं हे तर मुळीच पटत नव्हतं. सिस्टर जेराल्डीन यांच्याबद्दल त्यांना प्रेम होतं, तरी त्यांनाही पत्रांतून त्या ठामपणे सांगत राहिल्या की माझा विवेक मी कुणाच्या हवाली करणार नाही. ती पत्रं 1977 साली पुस्तकरूपाने आली.

एवढंच सांगून थांबलं तर मुलं चुकीचा धडा घेतील. ‘मला पटतं ते खरं’ हा विवेकभाव नव्हे. रमाबाई नकार देऊन स्वस्थ बसल्या नाहीत. त्या वाचत राहिल्या, प्रार्थना करत राहिल्या, आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी ख्रिस्त आपला स्वतःचा तारणारा आहे अशी त्यांची खात्री झाली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 साली मृत्यू येण्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं. मधे 1897 साली पुण्यात प्लेग असताना सरकारी व्यवस्थेत बायकांचे कसे हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर केलं. राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत. निरोगी विवेकभाव मला इथं दिसतो. तो मोठ्या माणसांपुढे दबत नाही, आणि देवाच्या वचनापुढे शिकायला कधी लाजत नाही.

आमच्याकडे सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. शेजारच्या मावशी प्रसाद घेऊन दारात येतात आणि ख्रिस्ती घरात दरवर्षी तोच प्रश्न उठतो, घ्यायचा की नाही? करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न पडला होता. पौलाने त्यांना लिहिलं की मूर्तीला वाहिलेल्या अन्नात स्वतःची अशी काही शक्ती नसते. पण ते खाल्ल्याने एखाद्या दुर्बळ भावाचं मन दुखावत असेल, त्याच्या श्रद्धेला ठेच लागत असेल, तर मी खाणार नाही. म्हणजे आपल्या मोकळेपणाला दुसऱ्याच्या विवेकभावाची मर्यादा आहे. मी मुलांना सांगते, ज्याचं मन खात नाही त्याने घ्यावा, ज्याचं खातं त्याने नम्रपणे नको म्हणावं. एकमेकांना नावं ठेवू नयेत, आणि मावशींच्या मायेचा अपमान तर कुणीच करू नये.

विवेकभाव दोन तऱ्हांनी आजारी पडतो. काहींचा फार हळवा होतो. तरुण मार्टिन लूथर मठात तासन्‌तास पापकबुली देत असे, तरी त्याच्या मनाला शांती नव्हती. प्रत्येक बारीकसारीक विचाराला पाप समजून कुढणारी माणसं आमच्या मंडळीतही आहेत. त्यांना आणखी धाक घालणं ही क्रूरता आहे. त्यांना क्षमेची खात्री द्यायला हवी. त्याच लूथरने पुढे 1521 साली वर्म्सच्या सभेत बादशहासमोर आपलं लिखाण मागे घ्यायला नकार दिला आणि आपला विवेक देवाच्या वचनाने बांधलेला आहे हेच त्याचं कारण सांगितलं.

दुसरा आजार बधिरपणाचा, आणि मला त्याची जास्त धास्ती वाटते. डागणी दिलेल्या कातडीला संवेदना राहत नाही, तशी अशा माणसांची गत होते असं पौल तीमथ्याला लिहितो. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात आणि हजारामागे मजुरी घेतात. तपासणाऱ्याने चांगल्या विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या, तर तेवढी मजुरी बुडते. असं करताना पहिल्यांदा हात अडखळत असेल. रोजचं झालं की अडखळत नाही, आणि तोच माणूस रविवारी उपासनेत मोठ्याने गीत गातो. कामवालीचा खाडा कापणारी मालकीण, मजुराचा भविष्यनिर्वाह निधी न भरणारा कारखानदार, यांची वाट याहून वेगळी नाही. देवळात रडून हा बधिरपणा जात नाही. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं ठरवलं, आणि त्याच दिवशी येशूने त्याच्या घराला तारण झाल्याचं सांगितलं.

प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची पारख करावी ही शिकवण याचसाठी आहे. आमच्याकडे पाळकसाहेब त्याआधी थोडा वेळ शांतता ठेवतात, पण तेवढा वेळ पुरत नाही असं माझं मत आहे. ती पारख आदल्या रात्री घरी, शास्त्र उघडून करावी. कुणाचे पैसे अडकवले, कुणाबद्दल खोटं बोललो, कुणाशी बोलणं टाकलं, ही नावं आठवावीत. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनेच सांगितलं आहे. म्हणून माझी विनंती एवढीच, की येत्या प्रभुभोजनाआधी त्यातल्या एका तरी माणसाच्या दारात जा, आणि पैशाचं देणं असेल तर ते सोबत घेऊन जा.