काळ्याचा चढाईचा बचाव

बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची. तेव्हा काळ्याने आधी राजा सांभाळावा व मग पुढचे पाहावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ‘किंग्ज इंडियन’ हा बचाव तिला सोडून आहे. विद्यार्थ्यांनी पट मांडूनच पुढील मजकूर वाचावा.

नावातील ‘इंडियन’ शब्द उगाच आलेला नाही. १८५० च्या सुमारास कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी हे गृहस्थ जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशी पुष्कळ डाव खेळले. त्यांत काळ्याची ही मांडणी आढळते. आमच्या खानदेशात ओट्यावर रंगणारा देशी डाव ज्याने पाहिला असेल, त्यास तिचे कारण उमगेल. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरकते. म्हणून बाजूने सावकाश बांधणी करण्याची खोड आपल्याकडे जुनीच.

मांडणी अशी: राजाकडील घोडा उंटाच्या प्याद्यापुढे, घोड्याचे प्यादे एक घर, रिकाम्या झालेल्या त्या घरात उंट, वजिराचे प्यादे एक घर, नंतर किल्लेकोट. तोवर पांढरा तीन प्यादी रेटून पटाचा मध्य व्यापतो. काळा त्यास व्यापू देतो, आणि मग राजाचे प्यादे दोन घरे टाकून त्या मध्यासच धक्का देतो. पांढऱ्याने वजिराचे प्यादे पुढे ढकलून मध्य बंद केला, की खरी शर्यत लागते.

पांढरा वजिराच्या बाजूने घुसतो. काळा घोडा मागे घेऊन उंटाचे प्यादे सोडतो, पाठोपाठ घोड्याचे; आपल्याच राजापुढील तटबंदी तो मोडतो! नवशिक्यास हे वेड वाटेल. परंतु मध्य बंद असल्यामुळे पांढऱ्याची मोहरी तिकडे चटकन पोहोचत नाहीत. शिवाय पांढऱ्याची चढाई साधली तर त्यास प्यादे, फार तर एखादे मोहरे मिळेल. काळ्याची साधली तर राजाच सापडतो. १९५३ साली झुरिच येथे नायडॉर्फ यांनी ताइमानोव्हवर असाच विजय मिळविला. मात्र हल्ला फसला, तर वजिराकडची बाजू काळ्याने आधीच गमावलेली असते.

एक गोष्ट मुले हमखास विसरतात. पांढऱ्या घरांतून फिरणारा काळ्याचा उंट बराच वेळ घरीच बसलेला दिसतो, म्हणून ती त्याची अदलाबदल करून मोकळी होतात. पांढऱ्याने राजाशेजारील हत्तीचे प्यादे एक घर सारले, की त्यावर बळी द्यावयास नेमका तोच उंट लागतो. प्रस्तुत लेखकाने एकदा तो एका घोड्यासाठी देऊन टाकला. प्यादी शत्रूच्या दारापर्यंत गेली; दार फोडावयास कोणी उरले नव्हते, आणि पाच खेळ्यांनी पांढऱ्याचा हत्ती वजिराकडून आत आला.