विवाहकार्य आणि विमा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने स्वतःच्या मुलीचे लग्न नुकतेच पार पाडले असले पाहिजे. घराची एखादी भिंत चुकली तर ती पाडून पुन्हा उभारता येते. लग्नाचा मुहूर्त मात्र घटिकापळांत मोजलेला असतो. त्या एका घटिकेसाठी कार्यालय, आचारी, मांडव, वाजंत्री, प्रवासाची तिकिटे यांवर महिनोन् महिने आधी पैसा गुंतलेला असतो, आणि त्यातील बराचसा विसार म्हणून हातावेगळा झालेला असतो. अशा वेळी वराला अपघात झाला, किंवा वधूपित्याला एकाएकी रुग्णालयात न्यावे लागले, तर काय करावयाचे? हा प्रश्न अशुभ वाटतो, म्हणून आपण तो विचारीत नाही.

आपल्या पूर्वजांना मात्र तो विचारण्याचा संकोच वाटला नव्हता. ऐनवेळी सुतक आले तर मंगलकार्य अडते. त्यावर धर्मशास्त्राने तोड काढली ती अशी की, नांदीश्राद्ध झाले म्हणजे कार्यास आरंभ झाला असे मानावे, आणि त्यानंतर आलेले सुतक त्या कार्यास बाधू नये. विवाहाच्या बाबतीत हे नांदीश्राद्ध दहा दिवसांपर्यंत आधी करण्याची मुभाही ठेवली. पैशाच्या बाजूची तरतूद भाऊबंद आणि शेजारीपाजारी करीत. मांडवाच्या मेढी, मोठी भांडी, वाढपी हात हे सारे गावातूनच येई. त्यामुळे काही विपरीत घडले तरी त्याचा भार अनेकांत वाटला जाई. आज यांतील प्रत्येक गोष्ट दाम मोजून आणावी लागते, आणि नुकसान झाले तर ते एकट्या यजमानाच्या पदरी पडते.

विमा म्हणजे हा भार पुन्हा अनेकांत वाटून घेण्याची व्यवस्था होय. फरक एवढाच की, येथे वाटेकरी परस्परांना ओळखत नाहीत. म्हणूनच येथे भीड चालत नाही. जे लिहिलेले असेल तेच मिळते.

आपल्या देशातील काही सर्वसाधारण विमा कंपन्या विवाहकार्याचा विमा उतरवितात. त्यात बहुधा चार प्रकारचे संरक्षण असते. आग, पूर, भूकंप यांसारखी आपत्ती, अथवा वधूवरांचा वा जवळच्या आप्तांचा अपघात किंवा मृत्यू, यामुळे कार्य रद्द करावे वा पुढे ढकलावे लागल्यास वाया गेलेला खर्च, मांडव, सजावट इत्यादी मालमत्तेची हानी, दागिन्यांची चोरी, आणि कार्यस्थळी पाहुण्यांस वा अन्य कोणास इजा झाल्यास यजमानावर येणारी कायदेशीर जबाबदारी. येथे 'जवळचे आप्त' या शब्दांची व्याख्या नीट वाचावी. आपल्याकडे वधूला बोहल्यावर आणावयास मामा लागतो. परंतु विमापत्रातील यादीत मामा असेलच असे नाही.

भरपाईचे तत्त्व सरळ आहे. नुकसान भरून निघावे, त्यातून नफा होऊ नये. समजा, ६ लाख रुपये खर्च झाले आणि कार्यालयाने १ लाख परत केले, तर नुकसान ५ लाखांचे. विमा ४ लाखांचाच असेल, तर ४ लाखांहून अधिक काही मिळणार नाही. आणि तो १० लाखांचा असला तरी ५ लाखांच्या पलीकडे काही मिळणार नाही.

विमा दैवी आपत्तीचा असतो, मनुष्याच्या मर्जीचा नव्हे. मानपानावरून झालेले रुसवे, वधू वा वराचे बदललेले मन, हुंड्याच्या मागणीवरून मोडलेली सोयरीक, यांस कोणतीही विमा कंपनी जामीन राहत नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा असंख्य विवाह राहिले. ते आगीने वा अपघाताने नव्हे, तर सरकारी आदेशाने राहिले. आणि हे कारण ज्या विमापत्रात लिहिलेले नव्हते, तेथे भरपाई मागण्यास आधारच उरला नाही. मात्र करार पार पाडणे अशक्य झाले असता घेतलेला लाभ परत करावा, असे १८७२ च्या करार कायद्याचे ६५ वे कलम सांगते. कार्यालयाकडे गुंतलेली रक्कम मागताना त्याचा आधार घेता येतो. परंतु केवळ आपल्या घरच्या आजारपणामुळे कार्यालयाचा करार अशक्य ठरत नाही, आणि विम्याचा खरा उपयोग तेथेच आहे.

तथापि, विमा ही खबरदारीची जागा घेऊ शकत नाही. २३ जानेवारी २००४ रोजी तमिळनाडूतील श्रीरंगम् येथे विवाहसमारंभात गवताने शाकारलेल्या मांडवाला आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत नवरदेवही होता. अशा हानीची भरपाई कोणत्या रकमेने होणार? म्हणून विमापत्रावर सही करण्यापूर्वी विजेच्या तारा तपासाव्यात, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

आता थोडे व्यवहाराचे. विमा उतरविताना घरातील ज्ञात आजार लपवू नये. विम्याचा करार संपूर्ण विश्वासावर उभा असतो आणि लपविलेली एक गोष्ट सारा दावा बुडवू शकते. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. आचाऱ्याच्या हातावर ठेवलेल्या रोख रकमेचा पुरावा कोठून आणणार? करारपत्रे आणि छापील निमंत्रणपत्रिका जपून ठेवावी. दुर्घटना घडताच कंपनीला लेखी कळवावे. दावा नाकारला गेला, किंवा तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

प्रत्येकाने हा विमा उतरविलाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. घरच्या अंगणात, शंभर माणसांत होणाऱ्या कार्याला त्याची गरज नाही. आणि केवळ विमा आहे म्हणून ऋण काढून थाट वाढविणे तर शहाणपणाचे नव्हेच. परंतु जेथे आयुष्याची शिल्लक एका दिवसावर लावलेली असते, तेथे दुर्घटनेचा आधी विचार करणे अशुभ नव्हे. मुहूर्त पुन्हा काढता येतो. गेलेली शिल्लक पुन्हा जमविण्यास मात्र पित्याजवळ वर्षे उरलेली नसतात.