टेबलावरून नाव पडलेला चौकोन

मराठी शाळेत जो समलंब चौकोन, तोच इंग्रजी माध्यमात ट्रॅपिझियम. आकृती एक, नावं दोन. आणि दोन्ही नावांबद्दल गैरसमज बरेच.

गैरसमज : सर्कशीतल्या ट्रॅपीझ झुल्यावरून ‘ट्रॅपिझियम’ हे नाव आलं.

वस्तुस्थिती : झालं नेमकं उलटं. दोन दोर, वरचा आधार आणि खालचा दांडा यांचा चौकोन होतो, म्हणून झुल्याला हे नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्द ‘ट्रापेझिऑन’, म्हणजे छोटं टेबल. ‘ट्रापेझा’ म्हणजे टेबल. शब्दाची फोड ‘चार पायांचं’ अशी होते. गंमत म्हणजे प्राचीन ग्रीकांची जेवणाची टेबलं बहुधा तीन पायांचीच असत! नाणी बदलून देणारे सराफही टेबल मांडून बसत, म्हणून ग्रीसमध्ये आजही बँकेला ‘ट्रापेझा’च म्हणतात.

गैरसमज : ‘समांतर बाजूंची एकच जोडी’ ही व्याख्या युक्लिडची.

वस्तुस्थिती : इ.स.पू. 300च्या सुमारास युक्लिडने चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज चौकोन वेगळे काढले आणि उरलेल्या सगळ्यांना ‘ट्रॅपिझियम’ हे एकच नाव देऊन टाकलं. समांतर बाजूंची अट दिसते ती पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने युक्लिडवर लिहिलेल्या भाष्यात. एकही जोडी समांतर नसेल, तर त्याच्या लेखी तो ‘ट्रॅपिझॉइड’, म्हणजे टेबलासारखा.

गैरसमज : ट्रॅपिझॉइड म्हणजे सगळीकडे समांतर बाजू नसलेला चौकोनच.

वस्तुस्थिती : 1795 साली चार्ल्स हटन यांच्या गणितकोशात ट्रॅपिझियम आणि ट्रॅपिझॉइड या दोन नावांची अदलाबदल झाली. ब्रिटन पुढे प्रोक्लसच्या अर्थाकडे परतलं, अमेरिकेत मात्र अदलाबदल कायम राहिली. त्यामुळे अमेरिकेत शिकणाऱ्या नातवाचा ट्रॅपिझॉइड म्हणजे आजोबांचा समलंब चौकोनच.

गैरसमज : ‘समलंब’ म्हणजे समान लांबीच्या बाजू.

वस्तुस्थिती : इथे ‘लंब’ म्हणजे लांबी नव्हे. समांतर बाजूंमध्ये कुठूनही लंब टाका, तो तेवढाच भरतो, म्हणून समलंब. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) ‘समानलंब’ असा शब्द आहे. खालची बाजू ‘भूमी’, वरची ‘मुख’. क्षेत्रफळ काढताना या दोन बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याला एकाच उंचीने गुणून भागतं, ते याच गुणामुळे. सूत्र विसरलात, तर नावाची फोड करून पाहा.