सरासरी प्रवासी आणि 19 सीटचं विमान

2023च्या मे महिन्याअखेरीस एअर न्यूझीलंडने ऑकलंड विमानतळावर आंतरराष्ट्रीय प्रवाशांची वजनं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जगभर थट्टा झाली. वास्तविक काट्यावरचा आकडा कुणाला दिसत नव्हता, नोंदीत नाव नव्हतं आणि कुणावर सक्तीही नव्हती. 2024मध्ये फिनएअरने हेलसिंकीला असंच केलं. दोन्ही कंपन्यांना हवी होती ती प्रवाशांच्या वजनाची ताजी सरासरी. ती शिळी असली तर काय होतं, हे अमेरिकेने त्याआधी वीस वर्षं पाहिलं होतं.

8 जानेवारी 2003, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट विमानतळ. एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट 1900डी विमान, 19 प्रवासी, 2 वैमानिक. प्रवाशांचं सरासरी वजन गृहीत धरून कागदावर विमानाचं वजन होतं 17,018 पौंड आणि मर्यादा 17,120. सामान चढवणाऱ्याने काही बॅगा फार जड असल्याचं कॅप्टनला सांगितलं. प्रवाशांत एक लहान मूल आहे, त्यात ते भरून निघेल, असं उत्तर आलं. जमीन सोडल्यावर विमानाचं नाक वर चढत 54 अंशांपर्यंत गेलं आणि 37 सेकंदांत ते एका हँगरवर कोसळलं. 21 जणांतलं कुणीही वाचलं नाही.

खऱ्या वजनांचा हिशेब नंतर झाला. विमान मर्यादेपेक्षा सुमारे 580 पौंड, म्हणजे 263 किलो जास्त भरलेलं होतं. त्याहून घातक गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या सीमेच्याही मागे सरकला होता.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. पोती मागे लोटली की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. गाडीवान खाली उतरून दोन पोती पुढे सरकवतो, की झालं. विमानात ती सोय नाही. भार मागे गेला की नाक वर उठायला बघतं आणि ते खाली दाबायचं काम शेपटीवरच्या एलेव्हेटरवर पडतं. ते कमी पडलं तर पंखांवरून वाहणारी हवा पंखाला सोडते आणि उचल संपते. शार्लटच्या विमानाचा एलेव्हेटर दुबळा झालेला होता. आदल्याच दिवशी संपलेल्या देखभालीत त्याची केबल चुकीची जोडली गेल्याने नाक खाली आणण्याची त्याची हालचाल जवळपास निम्मी उरली होती. तशाच अवस्थेत विमानाने नऊ उड्डाणं सुखरूप केली. दहाव्या खेपेला मागचा भार एवढा होता, की उरलेली निम्मी ताकद पुरली नाही.

केबलची चूक वेगळी; जादा भाराची चूक एका माणसाच्या माथी मारणं सोपं आहे, पण तिचा खरा दोष गृहीत धरलेल्या आकड्यात होता. अपघातानंतर अमेरिकी विमान प्रशासनाने छोट्या विमानांतल्या प्रवाशांची वजनं घ्यायला लावली, तेव्हा गृहीत आकड्यापेक्षा प्रवासी सरासरी 20 पौंडांहून जास्त भरले. लोक जाड होत गेले होते, तक्ता तिथेच थांबला होता. शिवाय 300 जणांच्या विमानात एखादा 110 किलोचा प्रवासी दुसऱ्या 50 किलोच्या प्रवाशात झाकला जातो. 19 जणांत, त्यातून एखादा कबड्डी संघ एकत्र निघाला असेल तर, झाकणारं कुणी नसतं. म्हणून विमान जितकं लहान, तितका खरा काटा महत्त्वाचा. केदारनाथला हेलिकॉप्टरने जाणाऱ्या यात्रेकरूंना काट्यावर उभं करतात, ते याचसाठी.

सेस्ना 172मध्ये हे आणखी उघड दिसतं. तिला सीट चार आहेत, पण टाकी काठोकाठ भरून चार धडधाकट माणसं बसवली, तर ती बहुधा मर्यादेबाहेर जाते. त्यामुळे शिकाऊ वैमानिक उड्डाणाआधी प्रत्येक माणूस, बॅग आणि इंधन यांचं वजन ठरावीक ठिकाणापासून त्याच्या जागेच्या अंतराने गुणतो, बेरीज आलेखावर मांडतो आणि बिंदू चौकटीबाहेर पडला, तर एक बॅग उतरवतो किंवा इंधन कमी घेतो.