जेयुनिटमधील ॲनोटेशन

जेयुनिटमधील ॲनोटेशन ही जावा भाषेत लिहिलेल्या चाचण्यांना ओळख देणारी आणि त्यांची मांडणी ठरविणारी चिन्हे आहेत. जेयुनिट ही आज्ञावलीच्या लहान घटकांची स्वतंत्रपणे तपासणी (युनिट टेस्ट) करण्याची चौकट असून तिची निर्मिती केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये केली. चाचणी कोणती, तिच्यापूर्वी कोणती तयारी करावयाची, मागाहून काय आवरावयाचे आणि कोणती चाचणी तूर्त वगळावयाची, हे सर्व या चिन्हांवरून चौकटीस कळते.

पूर्वपीठिका

तिसऱ्या आवृत्तीपर्यंत चाचणी ओळखण्याची खूण म्हणजे तिचे नाव. चाचण्यांचा क्लास 'टेस्टकेस' या क्लासचा वारस असावा लागे आणि प्रत्येक चाचणी-मेथडचे नाव 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू व्हावे लागे. घाईत 'टेस्ट'चे 'टेट्स' झाले, तर ती मेथड चाचणी म्हणून गणलीच जात नसे. चूक झाल्याची सूचना मिळत नसे. उरलेल्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या की पडद्यावर हिरवी पट्टी दिसे. नापास चाचणी निदान तक्रार करते. न झालेली चाचणी तेवढेही करीत नाही.

२००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशनची सोय आली. डॉटनेटवरील एनयुनिट या चौकटीत 'ॲट्रिब्यूट' नावाची तशीच चिन्हे त्यापूर्वीच वापरात होती. २००६ मध्ये आलेल्या जेयुनिट ४ ने ही पद्धत स्वीकारली. नावाचे आणि वारसाचे बंधन गेले. मेथडच्या डोक्यावर '@टेस्ट' लिहिणे पुरेसे झाले. या चिन्हाचे स्पेलिंग चुकल्यास कंपायलरच आज्ञावली नाकारतो. चिन्ह लिहावयाचेच राहून गेले, तर मात्र जुनी अडचण कायम राहते.

वापर

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेयुनिट ५ मधील नावे येथे दिली आहेत. बँकेच्या खात्याची चाचणी घ्यावयाची आहे असे समजू. '@बिफोरईच' असलेली मेथड प्रत्येक चाचणीपूर्वी ५०० रुपये शिलकीचे नवे खाते तयार करते. एक '@टेस्ट' २०० रुपये काढून शिल्लक ३०० उरते का हे पाहते. दुसरी ७०० रुपये मागून नकार मिळतो का हे पाहते. दर चाचणीस खाते नवे असल्याने पहिलीच्या व्यवहाराचा दुसरीला उपसर्ग होत नाही. त्याच हेतूने चौकट प्रत्येक चाचणीसाठी चाचणी-क्लासचा वेगळा ऑब्जेक्टही बनविते. म्हणूनच क्लासमध्ये एकदाच चालणारी '@बिफोरऑल' मेथड सामान्यतः 'स्टॅटिक' असावी लागते. चाचणीनंतरच्या आवराआवरीसाठी '@आफ्टरईच' आणि '@आफ्टरऑल' आहेत.

वर्गीकरणासाठी '@टॅग' वापरतात. डेटाबेसशी बोलणाऱ्या संथ चाचण्यांना वेगळा टॅग दिल्यास त्या दर बदलानंतर न चालविता रात्री चालविता येतात. '@नेस्टेड'मुळे चाचणी-क्लासच्या पोटात क्लास ठेवून 'खाते रिकामे असताना', 'खाते गोठविलेले असताना' असे प्रसंगवार गट पाडता येतात. '@डिस्प्लेनेम'मध्ये चाचणीचे वाचनीय नाव देता येते. त्यात मोकळी जागा, विरामचिन्हे, इतकेच नव्हे तर देवनागरीही चालते, ही सोय मराठी विद्यार्थ्यांनी अवश्य वापरून पाहावी.

दक्षता

चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीत '@टेस्ट' हे एकच नाव वेगवेगळ्या पॅकेजांत आहे. पाचवीच्या '@टेस्ट'सोबत चौथीचे '@बिफोर' लिहिले गेल्यास आज्ञावली बिनतक्रार कंपाइल होते, पण तयारीची मेथड चालत नाही. चौथीच्या जुन्या चाचण्या पाचवीसोबत चालवावयाच्या असल्यास 'व्हिंटेज' हे इंजिन जोडावे लागते.

स्वतःचे ॲनोटेशन तयार करणाऱ्याने त्याचा टिकाव, म्हणजे '@रिटेन्शन', 'रनटाइम' असा नमूद करावा. तसे न केल्यास जावा ते कंपाइल केलेल्या फाइलपुरतेच राखते आणि आज्ञावली चालू असताना चौकटीला ते दिसत नाही.

'@डिसेबल्ड' चाचणी वगळते. चौथ्या आवृत्तीत त्याचे नाव '@इग्नोर' होते. वगळलेल्या चाचण्यांची संख्या अहवालात निराळी येते, म्हणून त्या निदान विसरल्या जात नाहीत. कंसात कारण लिहिण्याची सोय आहे, पण सक्ती नाही. परिणामी चाचणी का थांबविली होती, हे काही महिन्यांनी लिहिणाऱ्यासही सांगता येत नाही.