मुरमाच्या अंगणात भाजीचा गादीवाफा

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा ओलांडले की सणसवाडी लागते. कारखाने, भाड्याच्या खोल्या आणि शेती इथे एकमेकांना खेटून आहेत. नव्या घरापुढे थोडी मोकळी जागा असते, पण तिच्यात बहुधा भरावाचा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. जुन्या घरापुढे काळी माती असली तर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अशा ठिकाणी खाली खणत बसण्यापेक्षा वर चढावे, म्हणजे गादीवाफा करावा.

यासाठी तयार लाकडी पेट्या विकत घ्यायची काहीच गरज नाही. आपल्याकडचा शेतकरी कांद्याचे रोप गादीवाफ्यावरच टाकतो. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालयही रोपवाटिकेसाठी सुमारे मीटरभर रुंद आणि 10 ते 15 सेंटिमीटर उंच वाफाच सुचवते. जादा पाणी सरीत उतरते, मुळांशी हवा खेळते आणि रोपांची मर कमी होते.

अंगणातला वाफा मात्र थोडा उंच हवा, कारण खालच्या मुरमात मुळांना फारसे काही मिळत नाही. पालेभाजीला 8-9 इंच पुरतात. वांगी, टोमॅटोला फूटभर. रुंदी साडेतीन फूट ठेवली तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. भिंतीलगत असेल तर दोन फूटच, आणि भिंतीला ओल लागू नये म्हणून मध्ये वीतभर फट. कडेला विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक नुसते रचावेत. भंगारातले पॅलेट वापरायचे असतील तर त्यावरचा शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते नको. रसायनांचे डाग असलेले तर फुकट मिळाले तरी नको.

दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, फूटभर उंच वाफ्यात 35 घनफूट माल बसतो. दोन घमेली पोयटा, एक घमेले शेणखत असे मिसळले तर एक ब्रास मातीत चार वाफे भरतात. शेजाऱ्यांनी मिळून ट्रॉली मागवावी. शेणखत पुरते कुजलेलेच घ्या, कच्च्या खताबरोबर हुमणी येते. भरण्याआधी हरळी मुळासकट काढा. लव्हाळ्याच्या गाठी वेचल्याशिवाय तर मातीच टाकू नका. तो पुठ्ठ्याचे थर भेदूनही वर येतो. तळाला प्लास्टिक नको.

गादीवाफ्याची खरी अडचण उन्हाळ्यात कळते. सणसवाडीचा शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. उंच वाफा चहूबाजूंनी वाळतो. गुडघाभर उंचीचे वाफे फोटोत झकास दिसतात, पण वाकणे जमत नसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी सोडले तर इथे त्यांचा आग्रह धरू नये. उसाच्या पट्ट्यात पाचटाला तोटा नाही. ते जाळण्यापेक्षा दोन इंच पसरावे, ओल टिकते. ठिबकच्या दोन नळ्या टाकल्या तर पाणीही कमी लागते. तरीही एप्रिल-मेमधली मेथी-कोथिंबीर सपाट वाफ्यातच बरी.

वेलाचा मांडव उत्तरेच्या टोकाला घाला, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही. वाफा मे महिन्यात काठोकाठ भरून ठेवा. पहिल्या पावसांत माती बसेल. तेवढी वर टाकून मगच रोपे लावा.