गाडी तपासली, वाट कोण तपासणार?

लेखमाला : घर ते शाळा – भाग ४

मागच्या भागात आपण शाळेच्या मिनीबसचे कागद पाहिले. पासिंग, परमिट, विमा, वेगनियंत्रक, आग विझवण्याचे यंत्र, आपत्कालीन दार. हे सगळे हवेच, त्यात तडजोड नाही. पण पासिंगचा कागद एका ठरावीक दिवशी गाडी कशी होती, एवढेच सांगतो. २५ जुलै २०१२ रोजी चेन्नईजवळ तांबरम येथे दुसरीतली एक मुलगी चालत्या स्कूलबसच्या तळाला पडलेल्या भोकातून रस्त्यावर पडली आणि चाकाखाली सापडून गेली. त्या बसला थोड्याच दिवसांपूर्वी फिटनेस प्रमाणपत्र मिळाले होते. प्रमाणपत्र आणि मुलांचा रोजचा प्रवास यांच्यातले हे अंतर शाळेनेच भरून काढायचे असते. ते कसे, हा आजचा विषय.

जोखीम मोजणे म्हणजे दोन साध्या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देणे. हे घडण्याची शक्यता किती? आणि घडलेच तर परिणाम किती गंभीर? दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. सीटचे कव्हर फाटले आहे : शक्यता पाच, परिणाम एक, गुणाकार पाच. पहिलीतले मूल गाडीतून उतरून गाडीच्याच पुढून रस्ता ओलांडते : शक्यता तीन, परिणाम पाच, गुणाकार पंधरा. पालकसभेत तक्रार बहुधा फाटक्या सीटची होते, कारण ती डोळ्यांना दिसते. गुण मांडले की कामांचा क्रम बदलतो आणि पंधरा गुणांचा धोका वर येतो. एक पथ्य मात्र पाळायचे. जिथे परिणामाला पाच गुण आहेत, तो धोका शक्यता कमी म्हणून यादीतून काढायचा नाही.

हे गुण कार्यालयात बसून देता येत नाहीत. ज्या वेळेला मुले जातात त्याच वेळेला, त्याच गाडीतून, जाताना आणि येताना असा पूर्ण फेरा करावा लागतो. सकाळी साडेसहाला मोकळा असलेला चौक दुपारी साडेबाराला ट्रक आणि टेम्पोंनी भरलेला असतो. सकाळी मूल घराच्याच बाजूला चढते, परतताना तेच मूल रस्त्याच्या पलीकडे उतरते. वाट तीच असली तरी धोके दोन वेगळे आहेत, म्हणून नोंदीही दोन हव्यात.

या फेरीत सर्वांत जास्त वेळ थांब्यांवर द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या मनात अपघात म्हणजे भरधाव वेग आणि समोरासमोरची टक्कर. लहान मुलांच्या बाबतीत मात्र गाडी उभी असताना किंवा नुकती हलत असतानाचे क्षण फार घातक असतात. चालक उंचावर बसलेला असतो. बंपरला खेटून उभे असलेले किंवा पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकलेले मूल त्याला दिसत नाही. मागचे चाक आणि दार यांच्यामधली जागाही तशीच. म्हणून प्रत्येक थांब्यावर पाहायचे ते हे : मूल कुठे उभे राहते, उतरल्यावर कुठे जाते, त्याला रस्ता ओलांडावा लागतो का, गाडी मागे घ्यावी लागते का. शाळेच्या फाटकात दहा गाड्या एकाच वेळी रिव्हर्स घेत असतील आणि त्यांच्यामधून मुले धावत असतील, तर त्या दिवसातला सर्वांत धोकादायक थांबा शाळेचाच आहे.

धोका सापडला की उपायांना क्रम असतो. पहिला उपाय धोकाच काढून टाकण्याचा. थांबा पलीकडच्या बाजूला हलवला किंवा फेरीची दिशा उलटी केली, की रस्ता ओलांडणेच उरत नाही. ते जमत नसेल तर रचनेत बदल : गाड्यांसाठी एकेरी वाट, मुलांसाठी कठडा लावलेली वेगळी वाट, रिव्हर्स घेण्यावर बंदी. तेही पुरत नसेल तर माणूस : गाडीतल्या मदतनीस मावशी आधी खाली उतरतील, मुलाचा हात धरून पलीकडे सोडतील, परत येऊन चालकाला खूण करतील, मगच गाडी हलेल. सूचनेची पाटी सर्वांत शेवटी. सहा वर्षांच्या मुलाने दोन्हीकडे नीट पाहावे यावर विसंबलेली योजना कच्ची असते, कारण येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर ओळखण्याची समज त्या वयात पुरती आलेली नसते.

धोका मुळातून काढण्याची ताकद किती असते, याचे मोठे उदाहरण रेल्वेचे आहे. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणात मसाईपेठ येथे पहारा नसलेल्या फाटकावर नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या पॅसेंजरची स्कूलबसला धडक बसली. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे तशाच फाटकावर शाळेच्या व्हॅनमधली १३ मुले दगावली. ‘थांबा, पाहा, मग जा’ अशा पाट्या वर्षानुवर्षे होत्या. अखेर जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरची अशी सर्व फाटके बंद झाली, किंवा तिथे पहारेकरी, भुयारी मार्ग, पूल आले.

आपल्याकडे असाच निर्णय मागणारी जागा म्हणजे ओढ्यावरचा फरशी पूल. पावसाळ्यात पाणी पुलावरून वाहू लागले की ते किती खोल आहे आणि खालची फरशी शाबूत आहे की नाही, हे काठावरून कळत नाही. त्या क्षणी एकट्या चालकावर निर्णय सोपवणे अन्यायाचे आहे. मागे चाळीस मुले ताटकळत असतात, शाळेची घंटा झालेली असते, फोन वाजत असतात. म्हणून नियम जूनमध्येच लिहून ठेवायचा : पुलावर पाणी दिसले की गाडी घालायची नाही, कोणत्या पर्यायी वाटेने जायचे, पालकांना कुणी कळवायचे. आणि उशीर झाला म्हणून चालकाला कुणी बोलणार नाही, हेही मुख्याध्यापकांनी त्याला सर्वांसमोर सांगायचे.

गाडी, वाट आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतात, हे इंग्लंडमधल्या एका अपघातातून शिकण्यासारखे आहे. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी मध्यरात्रीनंतर एम-४० महामार्गावर शाळेची मिनीबस कडेला उभ्या असलेल्या देखभालीच्या वाहनावर आदळली. लंडनमधल्या संगीताच्या कार्यक्रमाहून मुले परतत होती आणि शिक्षिका स्वतः गाडी चालवत होत्या. त्या आणि १२ मुले दगावली. शिक्षिकेने गाडी चालवणे तिथे गैर नव्हते, सहल गैर नव्हती, रात्रीचा प्रवासही गैर नव्हता. पण दिवसभराच्या कामानंतर रात्रीचा लांबचा पल्ला एकाच व्यक्तीवर टाकला, की धोका कितीतरी वाढतो. फेब्रुवारी १९९७ पासून तिथे सहलीच्या मिनीबसमधल्या प्रत्येक मुलाला पुढे तोंड असलेली सीट आणि पट्टा सक्तीचा झाला. आपल्या स्नेहसंमेलनांच्या आणि सहलींच्या दिवसांत हा प्रश्न विचारलाच पाहिजे : रात्री गाडी चालवणारा माणूस सकाळी किती वाजता उठला होता?

चालकाविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिल्लीच्या वाहतुकीच्या प्रकरणात कडक अटी घातल्या. त्याच्या आदल्या महिन्यात वजिराबाद पुलावरून स्कूलबस यमुनेत कोसळून २८ मुले गेली होती. अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव ही त्यातली एक अट. अतिवेगासाठी किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदाही कारवाई झालेल्या चालकाला शाळेच्या बसवर ठेवायचे नाही, ही दुसरी. तरीही ११ एप्रिल २०२४ रोजी हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यात मद्यधुंद चालकाच्या हातून स्कूलबस उलटली आणि सहा मुले गेली. दिवस ईदच्या सुट्टीचा होता, शाळा मात्र भरवली होती आणि बसचे फिटनेस २०१८ मध्येच संपले होते. नियम कागदावर असणे आणि सकाळी गाडी सुटण्यापूर्वी चालकाशी कुणीतरी समोरासमोर दोन शब्द बोलणे, या दोन्ही गोष्टी हव्यात. दारूचा वास, तापाने लाल झालेले डोळे, रात्रपाळी करून आलेला थकवा हे दोन मिनिटांच्या बोलण्यात समजते.

इथे पालकांचाही वाटा आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. महिन्याचे भाडे आणखी कमी करा म्हणून आपण घासाघीस करतो, तेव्हा व्हॅनवाले काका दोन मुले जास्त बसवतात किंवा दोन फेऱ्यांमधली उसंत काढून टाकतात. आपले मूल खाली यायला पाच मिनिटे लावते, ती पाच मिनिटे पुढच्या रस्त्यावर वेगाने भरून काढली जातात. वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवणे हा वेग कमी करण्याचा स्वस्त उपाय आहे.

फेरी संपल्यानंतरचा धोका सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : गाडीत झोपी गेलेले मूल. सप्टेंबर २०२२ मध्ये, एकाच महिन्यात, कतारमध्ये एक चार वर्षांची भारतीय मुलगी आणि जपानमध्ये शिझुओका प्रांतात तीन वर्षांची एक मुलगी बंद बसमध्ये विसरली गेली आणि उष्म्याने दगावली. जपानने एप्रिल २०२३ पासून बालवाड्यांच्या बसमध्ये इशारायंत्र सक्तीचे केले. त्याच्या एका प्रकारात इंजिन बंद केले की भोंगा वाजू लागतो आणि तो थांबवण्याचे बटण बसच्या मागच्या टोकाला असते. म्हणजे चालकाला शेवटच्या सीटपर्यंत चालत जावेच लागते. हे यंत्र नसले तरी त्यामागचे तत्त्व आजपासून पाळता येते. मावशीने प्रत्येक सीटखाली पाहून यादीवर सही करायची आणि मगच गाडीला कुलूप लावायचे. शिवाय वर्गात हजेरी घेताना मूल दिसले नाही तर पहिल्या तासातच घरी फोन.

हे सगळे कुणी करायचे? महाराष्ट्रात २०११ च्या स्कूलबस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालक, वाहतूक पोलीस व आरटीओ यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. या समितीने प्रत्येक वाटेसाठी एक पान तयार करावे. त्यावर थांबे, प्रत्येकाचा धोका, उपाय, तो करणाऱ्या माणसाचे नाव आणि तारीख. नाव आणि तारीख नसलेला उपाय होत नाही. पाऊस सुरू झाला, रस्ता खोदला, चालक बदलला, नवे मूल नव्या थांब्यावर आले, की पान पुन्हा तपासायचे.

सोबत एक वही हवी : थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची. दार उघडे राहिले, मूल धावत चाकापर्यंत आले, ब्रेक उशिरा लागला. अशी नोंद करणाऱ्या चालकाला किंवा मावशीला शिक्षा होणार असेल, तर वही कोरीच राहील. नोंदीबद्दल त्यांचे आभार मानले, तर दुर्घटनेच्या आधीच तिची सूचना आपल्या हातात येईल.

वाचक पालकांना एकच विनंती. पुढच्या पालकसभेत आपल्या मुलाच्या वाटेचे ते पान मागा. ते तयार नसेल तर ते करण्यासाठी आपला एक सकाळचा आणि एक दुपारचा फेरा द्यायची तयारी दाखवा. मुलांच्या सुरक्षेसाठी पालक आणि शाळा मिळून करू शकतील असे याहून स्वस्त आणि उपयोगी काम मला माहीत नाही.

(पुढील भागात : गाडी वाटेत बंद पडली तर. मुलांना गाडीत ठेवायचे की खाली उतरवायचे?)